प्रतीक्षाधीन

आमची खोली कॅंटीनच्या वाटेवर आहे, आणि माझ्या नोकरीतल्या निम्म्या अडचणींचे मूळ मला आता त्या एका गोष्टीत दिसते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तयार होतात. खरेदीपासून डिस्पॅचपर्यंतचा सगळा व्यवहार ज्या संगणक प्रणालीवर चालतो ती सांभाळणे, तिच्यात नवे कोड उघडणे, चुकलेले दुरुस्त करणे आणि ज्याला जो रिपोर्ट हवा तो काढून देणे, हे माझे आणि माझ्या हाताखालच्या तिघांचे काम. आम्ही स्वतः काहीच बनवत नाही. आमच्याकडे येणारे प्रत्येक काम दुसऱ्या कोणत्या तरी विभागाचे असते. सकाळी दहाच्या आणि दुपारी साडेतीनच्या चहाला निघालेला माणूस आमच्या दारावरून जातो, उघड्या दारातून त्याला मी दिसते, आणि मी दिसले की त्याला हटकून काहीतरी आठवते. "मॅडम, बरं झालं दिसलात," असे म्हणून तो आत येतो आणि बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचे ओझे माझ्या टेबलावर असते. चहाची चव त्याला त्यानंतर अधिक चांगली लागत असावी.

मराठीत काम सांगण्याची रीत मोठी अदबशीर आहे. 'हे करा' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'जरा बघता का', 'जमलं तर आजच्या आज', 'एवढंच एक राहिलंय', असे सगळे मोघम आणि मऊ. रात्री पावणेअकराला मोबाइलवर 'जेवण झालं का?' असा निरोप आला की मी ओळखते. त्याला 'झालं' असे उत्तर देणे म्हणजे काम स्वीकारणेच. यातला सर्वांत महाग शब्द 'जरा' हा आहे. विक्री विभागातल्या एका साहेबांनी मागे 'जरा एक कॉलम वाढवून द्या' म्हणून सांगितले होते. त्या कॉलममध्ये त्यांना प्रत्येक ग्राहकाने माल नेमका का परत पाठवला त्याचे कारण हवे होते, आणि ते कारण तीन वर्षांत कोणीही प्रणालीत भरलेले नव्हते. कॉलम वाढवायला दहा मिनिटे लागली असती. त्यात लिहायला काहीच नव्हते. हे त्यांना पटवण्यात माझा एक संपूर्ण आठवडा गेला आणि शेवटी त्यांना ते पटले असे आजही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

बरीच वर्षे मी ही सगळी कामे डोक्यात ठेवत असे आणि सर्वांना 'बघते' म्हणत असे. 'बघते' या शब्दात होकारही असतो आणि नकारही, त्यामुळे तो दोघांनाही सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात जो दोनदा आला त्याचे काम आधी होई, जो साहेबांना घेऊन आला त्याचे त्याहून आधी, आणि जो एकदाच सांगून विश्वासाने निघून गेला त्याचे मागे पडत जाई. हा अन्याय आहे हे मला कळत नव्हते असे नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाची नड नेहमीच अधिक खरी वाटते.

याबाबतीत मला शहाणपण शिकवले ते माझ्या वडिलांनी, आणि तेही शिकवायचे म्हणून नव्हे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आता त्यांचे वय 81 आहे. नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी कारकून म्हणून सुरुवात केली आणि अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले. एका रविवारी माझी तक्रार ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "तुझ्याकडे पडून किती?" मी म्हटले, साठेक असतील. त्यावर ते म्हणाले, "ते कळलं. त्यातली प्रतीक्षाधीन किती?"

ज्यांच्या घरी सरकारी नोकरी होती त्यांना हा शब्द ओळखीचा असेल. महाराष्ट्रातल्या सरकारी दफ्तरात सहा गठ्ठे पद्धत आहे. आलेले टपाल आवक नोंदवहीत चढते, तिथून ते ज्याच्याकडे जायचे त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत उतरते, आणि मग त्या कारकुनाने आपल्या टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात. आपण स्वतः निकाली काढायची प्रकरणे एका गठ्ठ्यात. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत थांबलेली, म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात. ठरलेल्या तारखांना पाठवायची नियतकालिके तिसऱ्यात. नेहमी लागणारे स्थायी आदेश चौथ्यात. अभिलेख कक्षात पाठवायचे कागद पाचव्यात. आणि नष्ट करायचे सहाव्यात. दर आठवड्याला गोषवारा काढायचा: मागील शिल्लक किती, नवीन आले किती, निकाली किती, उरले किती. लहानपणी दादांच्या कार्यालयात गेल्यावर लाल कापडात बांधलेले ते गठ्ठे मी पाहिले होते आणि मला ते सरकारी कंटाळ्याचे मूर्तिमंत रूप वाटले होते. आता माझ्या वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या गठ्ठ्यांपुढे हात जोडावेसे वाटले, कारण माझ्याकडे संगणक होता, शेअर केलेले फोल्डर होते, कामाची ॲप होती, आणि तरीही माझ्याकडे सगळ्याचा मिळून एकच गठ्ठा होता.

त्याच संध्याकाळी मी वही घेऊन बसले. साठातली वीसहून अधिक कामे माझ्याकडे नव्हतीच. कुठे परचेसने पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक द्यायचा होता, कुठे मान्यता यायची होती, कुठे मी विचारलेल्या प्रश्नाला महिनाभर उत्तर नव्हते. आणि तो महिनाभर ते काम माझ्या नावावर 'राहिलेले' म्हणून नांदत होते. दादांच्या पद्धतीत अशा प्रकरणाला तारीख असते, त्या तारखेला स्मरणपत्र जाते, मग दुसरे स्मरणपत्र, आणि तरीही हलत नसेल तर अधिकाऱ्याच्या नावाने अर्धशासकीय पत्र. आमच्याकडे तेच काम मेलमध्ये साहेबांना प्रत टाकून होते. फरक एवढाच की आम्ही पहिल्या स्मरणपत्रालाच अर्धशासकीय पत्राचा मान देतो आणि मग तो मान उरत नाही.

नियतकालिकांचा गठ्ठा लावल्यावर तर मला हसूच आले. अकाउंट्सचे लोक दर महिन्याच्या 8 किंवा 9 तारखेला धावत येत आणि विक्रीचा तपशील 'अर्जंट' म्हणून मागत. जीएसटीचे पहिले विवरणपत्र 11 तारखेला आणि कराचा भरणा दाखवणारे 20 तारखेला जाते, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. तरीही दर महिन्याला आम्ही दोघेही आकाशातून काही कोसळल्यासारखे वागत होतो. आता तो रिपोर्ट 7 तारखेला सकाळी आपोआप त्यांच्याकडे जातो. तेव्हापासून एकाही महिन्याला ते धावत आलेले नाहीत, आणि अकाउंट्समधल्या एका बाईंनी तर 'हल्ली तुम्ही दिसतच नाही' अशी तक्रारही केली.

थांबण्यालाही एक गणित आहे, ते मला फार उशिरा कळले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 साली फोनच्या मागण्या कशा येतात यावर निबंध लिहिला आणि रांगांचे शास्त्र तिथून वाढत गेले. त्या शास्त्रातले एक साधे सूत्र असे सांगते की कामे केव्हाही येत असतील, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल आणि करणारा एकच असेल, तर त्याचा 80 टक्के वेळ भरलेला असताना नव्या कामाला एका कामाच्या सरासरी वेळेच्या 4 पट थांबावे लागते; 90 टक्के भरला की 9 पट, आणि 95 टक्के भरला की 19 पट. म्हणजे 'तुमच्या माणसांकडे थोडा वेळ शिल्लक दिसतो' असे म्हणून वरिष्ठांनी त्या शिल्लक वेळात आणखी थोडे काम घातले की काम थोडेच वाढते, थांबणे मात्र दुपटीच्याही पुढे जाते. हा आकडा मी आमच्या साहेबांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला, कागद खिशात ठेवला आणि त्याच दिवशी दोन कामे पाठवली. दुसरा नियम अधिक उपयोगी पडला. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या त्या नियमाप्रमाणे हातात असलेल्या कामांना कामे येण्याच्या वेगाने भागले की एका कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. आठवड्याला तीसेक कामे येत होती आणि साठ पडून होती, म्हणजे दोन आठवडे. 'कधी होईल?' या प्रश्नाला 'बघते'ऐवजी 'साधारण दोन आठवडे' असे उत्तर मी पहिल्यांदा दिले तेव्हा समोरचा माणूस क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग राहू द्या, मी हातानेच करतो." त्याचे काम पंधरा ओळींचे होते.

यानंतर आम्ही मागणीचा एक फॉर्म केला आणि तोंडी सांगितलेले काम धरायचे नाही असे ठरवले. अडचण आली ती तातडीच्या रकान्यात. साधे, तातडीचे, अतितातडीचे असे तीन पर्याय ठेवल्यावर महिन्याभरात साधे काम शिल्लकच राहिले नाही. दादांना हे सांगितले तेव्हा त्यांनी जपून ठेवलेले एक कात्रण काढून दाखवले. ते निवृत्त झाल्यानंतर, 2005 साली, दफ्तरदिरंगाई रोखण्यासाठी राज्याने कायदा केला. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, तात्काळ फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची 4 दिवसांत निकाली निघावी, असे त्यात म्हटले आहे. तात्काळ आणि तातडी यांच्यात तीन दिवसांचे अंतर आहे हे कायद्याला सांगावे लागले, याची दादांना फार गंमत वाटते.

तोडगा सुचवला तो पंचवटीत राहणाऱ्या आमच्या गटातल्या सर्वांत धाकट्या मुलाने. गोदावरीच्या पात्रात, रामकुंडाच्या परिसरात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे नाशिककरांचे पूर मोजण्याचे माप आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हा आकडा बातम्यांत येतो, पण माणसे एकमेकांना विचारतात ते 'मारुतीला कुठवर पाणी लागलं?' एवढेच, आणि 'कमरेपर्यंत' म्हटले की काठावरच्या दुकानदारांना काय हलवायचे ते समजते. तेव्हा आम्ही फॉर्ममधला तातडीचा रकाना काढून टाकला आणि तिथे प्रश्न ठेवला: पाणी कुठवर आले आहे? गुडघा, कंबर, गळा. गळा लिहिणाऱ्याने काय बुडणार आणि किती वाजता, हेही लिहायचे. अतितातडीचे म्हणायला कोणाला काही वाटत नसे. पण वर्षभराच्या बक्षिसांच्या यादीसाठी 'गळा' लिहिताना माणूस थबकतो, कारण मारुती त्याने पाहिलेला असतो. पुण्याच्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी हे काय आहे म्हणून विचारणा केली, त्यांना छायाचित्र पाठवले. साहेबांची कामे मात्र अजूनही पाण्याची पातळी न पाहता वर येतात. ती कुठेही येणारच. आम्ही तीही सर्वांना दिसतील अशी नोंदवतो, एवढेच.

खरा पूर गेल्या सप्टेंबरात आला. जीएसटीचे दर बदलण्याचा निर्णय 3 सप्टेंबर 2025 ला झाला आणि 22 तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, तो लागू व्हायचा होता. गाड्यांच्या सुट्या भागांतले बरेच 28 टक्क्यांत होते. ते सगळे 18 टक्क्यांवर येणार होते. हजारो आयटमचे दर बदलायचे, उघड्या ऑर्डरी दुरुस्त करायच्या, आणि दर उतरणार हे कळल्यामुळे ज्यांनी माल उचलणे थांबवले होते त्या विक्रेत्यांची बिले 22 ला सकाळीच निघाली पाहिजेत. विक्री, खरेदी आणि अकाउंट्स हे तिन्ही विभाग आपापल्या याद्या घेऊन आले आणि तिन्ही याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. मी सर्व विभागांना एकच मेल पाठवला: 22 तारखेपर्यंत या कामाखेरीज दुसरे कोणतेही काम घेतले जाणार नाही, आणि तीन विभागांनी मिळून एकच यादी द्यावी. मला वाटले होते आरडाओरडा होईल. तो झाला नाही. सर्वपित्री अमावास्येच्या रविवारी घरी नैवेद्य दाखवून मी कारखान्यात गेले आणि रात्री उशिरापर्यंत आम्ही चौघे दर तपासत बसलो. सोमवारी सकाळी पहिले बिल बरोबर निघाले तेव्हा आपण हे शास्त्र आत्मसात केले, असा एक गर्वाचा वारा मला शिवून गेला हे कबूल केले पाहिजे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक लाइन अर्धी पाळी बंद पडली, एका वॉशरसाठी. प्रणालीत त्या वॉशरचे हजारो नग शिल्लक दिसत होते आणि रॅकवर एक रिकामा खोका होता.

कारण इतके साधे होते की ते मांडताना आजही मला ओशाळवाणे वाटते. तो वॉशर किलोवर विकत घेतला जातो आणि नगावर दिला जातो. पूर्वी एकाचे वजन 2 ग्रॅम होते, म्हणून एका किलोचे 500 नग असा आकडा प्रणालीत होता. उन्हाळ्यात डिझाइन बदलले, वॉशर जाड झाला, वजन अडीच ग्रॅम झाले, म्हणजे किलोला 400 नग. पण प्रणालीतला आकडा कोणी बदलला नाही. दर 100 किलोंमागे प्रणाली 50,000 नग जमा धरत होती आणि प्रत्यक्षात 40,000 येत होते. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रणालीतल्या वस्तूंच्या मूळ नोंदीत, एका जागी 500 पुसून 400 लिहायचे होते. इतक्या वर्षांत ज्या ज्या माणसाने मला 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणून सांगितले, त्या सर्वांत हे एकच काम खरोखर पाच मिनिटांचे होते.

स्टोअरचे जुने जाणते गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते हे सांगायला माझ्याकडे आले होते, हे मला अंधूक आठवत होते. मी त्यांना "नाना, फॉर्म भरा ना" असे म्हटले असणार. मी तेव्हा सर्वांनाच तसे म्हणत होते. आमच्या फॉर्मला अकरा रकाने होते आणि त्यांतला एक 'या कामातून अपेक्षित लाभ' असा होता. नानांनी त्यात काय लिहायचे? हिशोब लागेल, असे?

मी स्टोअरमध्ये गेले. नानांनी एक शब्दही उलट बोलला नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड डायरी काढली, अंगठा थुंकीने ओला करून पाने उलटली आणि माझ्यापुढे धरली. पानाच्या डाव्या बाजूला तारीख, मग आयटमचा कोड, बिन कार्डावरचा, म्हणजे रॅकवरच्या साठ्याच्या कार्डावरचा, आकडा, प्रणालीतला आकडा, आणि उजव्या टोकाला बारीक, गोल अक्षरात शेरा. जुलैत एकदा: 'मॅडमना सांगितले.' ऑगस्टमध्ये: 'मॅडमना सांगितले. फॉर्म म्हणाल्या.' आणि 12 सप्टेंबरला, ज्या दिवसांत दुसरे कोणतेही काम घेणार नाही असे मी सर्वांना कळवले होते त्या दिवसांत: 'मॅडमना सांगितले. कामात आहेत.' तिसऱ्या शेऱ्यापुढे त्यांनी पेन्सिलीने एक छोटे वर्तुळ काढले होते. हे काय म्हणून मी विचारले तर म्हणाले, "ते बाकी. तुमच्याकडून यायचंय ना."

मी माझे गठ्ठे मोठ्या अभिमानाने लावले होते. दुसऱ्यांच्या उत्तराची वाट पाहत थांबलेली प्रत्येक गोष्ट मी तारखेनिशी बाजूला काढली होती. पण स्टोअरच्या खणात एक गठ्ठा होता ज्यात मी स्वतः प्रतीक्षाधीन होते, आणि माझ्या गोषवाऱ्यात त्याला जागाच नव्हती, कारण माझ्या दारातून तो कधी आत आलाच नव्हता. तो तीनदा दारापर्यंत येऊन परत गेला होता. रात्री दादांना हे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "तोंडी आलेलं तू आवकला घेत नाहीस?" मी म्हटले, नाही, तोच तर नियम केला. ते म्हणाले, "आमच्याकडं निम्मं तोंडीच यायचं. मी लिहून घ्यायचो."

फॉर्म अजून आहे. अकरापैकी चार रकाने उरले आहेत, आणि 'अपेक्षित लाभ' त्यांत नाही. खोलीचे दारही उघडेच असते, मात्र दाराशी एक वही टांगली आहे, आणि 'बरं झालं दिसलात' म्हणत जो आत येतो त्याचे बोलणे आमच्यापैकी कोणीतरी त्याच्यासमोर त्या वहीत लिहितो. लिहिताना पाहिले की निम्मे लोक म्हणतात, "राहू द्या, एवढं काही नाही." उरलेले निम्मे बसतात. दर गुरुवारी सकाळी मी स्टोअरमध्ये जाते. नाना डायरी उघडून वाचतात, मी माझ्या वहीत उतरवून घेते, आणि जे झाले असेल त्यावर ते पट्टी धरून एक सरळ रेघ मारतात. पेन्सिलीची वर्तुळे कधी दोन असतात, कधी पाच. गेल्या गुरुवारी एक होते.

नाना येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. त्यांच्या हाताखाली आलेला मुलगा हुशार आहे, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला आहे, फॉर्म अगदी बिनचूक भरतो आणि आमच्या खोलीकडे कधी फिरकत नाही. त्याला मी एक कोरी डायरी नेऊन दिली. त्याने ती घेतली, धन्यवाद म्हटले आणि कशासाठी म्हणून विचारले. नानांनी त्याला जवळ बोलावले आणि आपल्या डायरीचे एक पान उघडून दाखवले.